विनीताच्या पाचारणाला साक्षीदार पाहिजेत

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. निदान आमच्या तरुण संघात तरी नाही. रविवारी उपासना सुटते, म्हातारी मंडळी रिक्षा शोधायला लागतात आणि आम्ही चर्चच्या आवारात लिंबाखाली गाड्यांवर बसून कोण काय म्हणालं ते एकमेकांना सांगतो. पुढच्या रविवारी तेच परत सांगतो, जरा तिखटमीठ लावून. असं काही महिने चाललं की किस्सा तयार! आता त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, हे मला विचारू नका. मी संघाचा सेक्रेटरी आहे खरा, पण इतिवृत्तात यातलं काहीच नसतं. तिथं फक्त 'प्रार्थनेनं सभा संपली' एवढंच असतं.

आमचं चर्च छावणीत. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत काम करतो. दिवसभर पार्ट पास की फेल ते ठरवायचं. तिथं हातात गेज असतो, लावला की कळतं. चर्चमध्ये गेज नाही, ही माझी लहानपणापासूनची अडचण आहे.

गेल्या वर्षीचे बहुतेक किस्से जमले ते विनीता साळवेभोवती. विनीता आमच्याकडे कीबोर्ड वाजवते, सिडकोत एका क्लासला गणित शिकवते, आणि तिला पाचारण झालं. पाचारण म्हणजे देवाची हाक. ती ज्याला येते तो नोकरीधंदा सोडून सेमिनरीत शिकायला जातो आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊन बाहेर पडतो. आमच्या मंडळीतून आजवर एकही मुलगी गेली नव्हती. शिवाय मंडळीच्या पंच कमिटीनं शिफारस केल्याशिवाय सेमिनरी कुणाला दारात उभं करत नाही.

म्हणजे हाक देवाची, आणि मंजुरी कमिटीची! या दोघांच्या मधे विनीता वर्षभर लटकली होती, आणि तिच्याबरोबर आम्हीही.

\*

पण सुरुवात झाली सहलीपासून.

आमच्या संघात 'मला वाटतं' असं कुणी म्हणत नाही. 'प्रभूनं मला सांगितलं' असं म्हणतात. वाटण्यावर समोरचा वाद घालू शकतो, सांगण्यावर कसा घालणार? यात सगळ्यात पुढं आमचा ड्रमर डॅनी. त्यानं बारावीनंतर डिप्लोमाला जावं हे प्रभूनं सांगितलं, डिप्लोमा सोडावा हेही प्रभूनंच सांगितलं, आणि मधल्या विषयांचा निकाल मात्र विद्यापीठानं लावला.

तर सहल कुठं काढायची यावर सभा बसली. डॅनी उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माझ्या मनावर म्हैसमाळचं ओझं आहे."

ओझं म्हणजे प्रभूनं मनात घातलेली गोष्ट, ही आमची नेहमीची भाषा. डॅनी खाली बसतो न बसतो तोच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली की तिला प्रार्थनेत जायकवाडीचं पाणी दिसलं. कुणाला अजिंठा दिसला. एकाला तर थेट महाबळेश्वर दिसलं, पण त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

पाळकसाहेब कोपऱ्यात बसून ऐकत होते. आमचे पाळकसाहेब स्वभावानं शांत, बोलायच्या आधी चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आणि डब्यांचं ओझं कुणाच्या मनावर आहे?"

ते कुणाच्याच मनावर नव्हतं.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी नियम केला. "इथून पुढं ज्याला प्रभूनं काही सांगितलं असेल, त्यानं आणखी दोन जण आणायचे. त्यांनाही तेच सांगितलेलं असलं पाहिजे. दोन साक्षीदार असल्याशिवाय मी ऐकणार नाही!" आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या मनात आलं, चला, शेवटी गेज मिळाला.

\*

गेज कसला! महिन्याभरात साक्षीदारांचा बाजार भरला.

डॅनीला इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड हवा होता. तो मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "अबे सेक्रेटरी, तू माझ्या ड्रमपॅडला साक्षी राह. तुझं काही असलं की मी राहतो!"

"पण मला काहीच सांगितलेलं नाही रे."

"मग आता मी सांगू राह्यलो ना!"

मी नाही म्हणालो तर त्यानं दुसरे दोघं शोधले. एकाला नवी गिटार हवी होती, दुसऱ्याला वाढदिवसाला हॉल. तिघांनी मिळून एकमेकांच्या साक्षी दिल्या. त्या सभेत तीन विषय आले आणि तिन्हींना बरोबर दोन दोन साक्षीदार निघाले. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रभू आजकाल गटागटानं बोलतो असं दिसतं."

सगळे हसले. आणि नेमकी त्याच सभेत विनीता उभी राहिली. तिचं वेळेचं गणित तेवढं कच्चं आहे.

ती म्हणाली, "मला वाटतं, म्हणजे मला सांगितलं गेलंय, म्हणजे मला नक्की सांगता येत नाही, पण मी सेमिनरीत जावं असं आहे. पाळक व्हायला."

ड्रमपॅडला दोन साक्षीदार होते. म्हैसमाळला तर शेवटी अर्धा संघ मिळाला होता. विनीताला एकही नाही. डॅनीनं हात वर केला, आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो, आणि त्यानं तो हात तसाच डोक्याकडं नेऊन केस नीट केले.

सभा सुटल्यावर विनीता माझ्याजवळ आली. "तुला काहीच नाही वाटलं?"

"वाटलं ना."

"मग हात वर का नाही केलास?"

"मला वाटलं, पण मला सांगितलं कुठं कुणी?"

खरं सांगायचं तर ती जाऊ नये असंच मला वाटत होतं. ती गेली असती तर लिंबाखाली बसण्यात काही मजा उरली नसती. आता असं ज्याला वाटतं, त्यानं देवाच्या बाजूनं साक्ष द्यायची की स्वतःच्या, हे मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही नीट कळलेलं नाही.

\*

विनीताचे वडील साळवे काका. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. घरात दूधवाला बदलायचा तरी टिपणी लिहितील असा माणूस. पाचारणाची गोष्ट त्यांच्या कानावर दुसऱ्याच कुणाकडून गेली, आणि त्यांनी मला घरी बोलावलं. का, तर मी सेक्रेटरी!

मी जाऊन बसलो. विनीता समोर मान खाली घालून. स्वयंपाकघरात काकू भाजी चिरत होत्या.

"घरचा कर्ता मी व्हय का नाय?" काकांनी सुरुवात केली.

"व्हय काका."

"मग एवढा मोठा विषय, आणि मला काही इंटिमेशन नाय?"

मी म्हटलं, "काका, पाचारण म्हणजे ते प्रभूकडून..."

"प्रभूबद्दल माझी काही तक्रार नाय! पण डायरेक्ट पोरीला कळवायचं? माझ्या घरात राहते ती. थ्रू प्रॉपर चॅनेल यायला पाहिजे होतं!"

संघाच्या घटनेत यावर काही कलम नाही. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आणि तुम्हाला कळवलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

काका एका दमात म्हणाले, "पेंडिंग ठेवलं असतं!"

मी हसलो. विनीता हसली नाही. काका तिच्याकडे बघत मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा, मी नाय म्हणणार नाय. उद्या तू म्हणशील बापानं अडवलं. पण मी व्हय पण म्हणणार नाय. उद्या तिकडं जमलं नाय तर म्हणशील, बापानं पाठवलं. कमिटी काय म्हणते ते बघू."

जिन्यावरून उतरताना विनीता म्हणाली, "आता घरातूनही प्रश्न कमिटीकडंच गेला."

कमिटीतल्या एकांना मी त्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, पाळकसाहेब म्हणतील ते. पाळकसाहेबांना विचारायचं कशाला? त्यांचा नियम होताच, दोन साक्षीदार आणा. म्हणजे सगळं फिरून परत आमच्याकडे, आणि आमच्यात हात वर करणारा डॅनी, तोही केस नीट करणारा!

\*

आता पगारे काका. पंच कमिटीतले सगळ्यात जुने. मूळचे गंगापूरकडचे, आवाज उसाच्या फडात कमावलेला. विनीताचं नाव निघालं तेव्हा त्यांनी एकाच वाक्यात विषय संपवला होता. "बाई मानूस आन् पुलपिटावर? मी जिता हाय तवर नाय!" पुलपिट म्हणजे पाळक उपदेश करतात तो उंच चौथरा.

त्याच सुमारास डॅनीनं हातावर क्रूस गोंदवून घेतला. कॅनॉटच्या मार्केटमध्ये जाऊन, चांगला मनगटापासून कोपरापर्यंत. रविवारी मुद्दाम हाफ शर्ट घालून आला. उपासना सुटल्यावर पगारे काकांनी त्याला गेटपाशी धरलं.

"हे कुणाला इचारून केलं?"

"काका, हा माझा आणि प्रभूचा पर्सनल मामला आहे."

"पर्सनल? चर्चातल्या येदीवरच्या क्रुसाला कमिटीचा ठराव झालेला हाय. तुझ्या ह्या क्रुसाला कुणाचा ठराव हाय?"

डॅनीनं आमच्याकडे पाहिलं. हातावरच्या क्रुसाला ठराव लागतो का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

काकांची आई रिक्षात बसून वाट बघत होती. आजींना ऐकू कमी येतं, पण काकांचा आवाज पलीकडच्या बाजारात जातो. त्या म्हणाल्या, "कामून वरडू राह्यला रे पोरावर?"

"हे बघ काय करून आला! क्रूस गोंदवला हातावर!"

आजींनी डॅनीला जवळ बोलावलं. त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. मग स्वतःच्या बांगड्या वर सारल्या. सुरकुत्यांमध्ये हिरवा पडलेला एक लहानसा क्रूस होता.

"माझा आठवडी बाजारात गोंदला," त्या म्हणाल्या. "लई दुखलं. तुझं बी दुखलं का?"

"व्हय आजी," डॅनी म्हणाला.

"कुणाला इचारलं नव्हतं मी. ह्याच्या बापानं लई शिव्या घातल्या मला." आणि त्या हसल्या.

पगारे काका गुपचूप रिक्षात बसले. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "तरी बी इचारायला पायजे व्हतं!"

"कुणी? मी का आजीनं?" डॅनी ओरडला, पण रिक्षा निघून गेली होती.

\*

दिवाळीच्या सुट्टीत कन्नडजवळ एका जुन्या वसतिगृहात आमचं शिबिर झालं. पुण्याहून एक ब्रदर वक्ते म्हणून आले होते. जीन्स, पांढरे बूट, गालाला चिकटलेला माइक. मागं मोठा बॅनर: 'माझा विश्वास, माझा निर्णय!' बॅनरचा मजकूर पंच कमिटीनं मंजूर केलेला होता.

ब्रदर काय बोलले! "आईवडील सांगतात म्हणून नको! पाळक सांगतात म्हणून नको! मंडळी काय म्हणेल म्हणून तर अजिबातच नको! आतला आवाज ऐका आणि स्वतः ठरवा!" पोरं पेटली. पाळकसाहेब पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेत होते.

जेवणानंतरच्या सत्राला डॅनी नाही. शोधलं तर चिंचेखाली सतरंजी टाकून घोरत होता. ब्रदरनी स्वतः जाऊन त्याला उठवलं.

"तुला कुणी परवानगी दिली?"

डॅनी डोळे चोळत म्हणाला, "ब्रदर, मी स्वतः ठरवलं."

"अरे, ते मोठ्या निर्णयांबद्दल होतं!"

"ब्रदर, झोप पण लई मोठी आली होती!"

ब्रदरचा माइक चालूच होता. हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांनी हे ऐकलं, आणि त्या सत्राची गंभीरता जी गेली ती गेलीच.

विनीता मात्र हसणाऱ्यांत नव्हती. चहाच्या वेळी ती ब्रदरकडे गेली. मी किटलीपाशी होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "ब्रदर, हाक खरंच प्रभूची आहे की माझ्याच मनाची, हे कसं ओळखायचं?"

"सोपं आहे, बहिणी. त्या विचारानं मनात शांती येते का बघायचं."

"जायचं म्हटलं की छातीत धडधडतं."

"मग कदाचित ती हाक नसेल."

"न जायचं म्हटलं तरी धडधडतं."

ब्रदरनी कपातला चहा संपवला. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "तुझे पाळक काय म्हणतात?"

"ते म्हणाले, शिबिराला ब्रदर येतायत, त्यांना विचार!"

ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थना मोठी झाली आणि चांगली झाली. पण त्यात जायचं की नाही, हे कुठंच आलं नाही. येताना गाडीत विनीता खिडकीशी बसली होती. मी तिला शेंगदाण्याची पुडी दिली. मला दुसरं काही देता येत नव्हतं, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

\*

मग आला तरुण रविवार. वर्षातून एकदा सगळी उपासना तरुण संघ चालवतो. संदेश, म्हणजे उपदेश, विनीतानं द्यावा असं आम्ही ठरवलं. पगारे काका आडवे आले. बाईनं संदेश द्यायचा नाही. तास दीड तास चर्चा झाली आणि शेवटी असं ठरलं की विनीता 'संदेश' देणार नाही, 'साक्ष' देईल, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगेल. आणि ती पुलपिटावर चढणार नाही, खाली उभी राहून बोलेल. बाकी बोलणं तेच, वेळ तीच!

मी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, तेच बोलणं खालून केलं की साक्ष आणि वरून केलं की संदेश, असं असतं का?"

ते म्हणाले, "मलाही आत्ताच कळलं."

रविवारी चर्च भरलं. साळवे काका-काकू तिसऱ्या रांगेत. पगारे काका नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, कोण उशिरा येतं ते बघायला. विनीता खाली उभी राहिली, कागद सरळ केला, बोलायला लागली, आणि खालच्या माइकनं राम म्हटला. आता चर्चमधला माइक आणि राम म्हणतो, हे पुन्हा डॅनीचंच वाक्य! त्यानं वायर हलवली, माइकवर टिचकी मारली, फुंकर मारली. एक कर्कश शिटी आली आणि परत सगळं गप्प.

विनीता तशीच बोलत राहिली. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत होतं. मागचे लोक कानाला हात लावून पुढं वाकले. ती काही तरी आपल्या भीतीबद्दल सांगत होती. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. मागच्यांना कळेना, नेमकं चाललंय काय!

शेवटी मागून तो उसाच्या फडातला आवाज आला. "पोरी! काय बी ऐकू येत नाय! वर जा, वरच्या माइकवर बोल!"

सगळ्या चर्चनं मागं वळून पाहिलं. पगारे काका उभे होते आणि हातानं पुलपिटाकडे दाखवत होते. "जा की! कामून थांबली? हितं लोक ताटकळू राह्यलेत!"

विनीता वर गेली. वरचा माइक ठणठणीत होता. ती पंधरा-वीस मिनिटं बोलली, आणि पगारे काकांनी मधे एकदा 'आमेन' म्हटल्याचंही काही जण सांगतात. मी ते ऐकलेलं नाही. तेवढं तिखटमीठ धरून चाला.

उपासना सुटल्यावर लिंबाखाली वाद पेटला. एक म्हणाला, बघा, प्रभूनंच तिला वर चढवलं. दुसरा म्हणाला, कमिटीच्या माणसानं चढवलं. तिसरा म्हणाला, तिचं बोलणंच तसं होतं. विनीता कीबोर्डची वायर गुंडाळत आली. आम्ही तिलाच विचारलं.

ती म्हणाली, "माइकनं!"

\*

उन्हाळ्यात विनीताच्या शिफारशीवर पंच कमिटीची सभा झाली. तरुण संघाचा सेक्रेटरी म्हणून मला बसायला मिळतं, बोलायला मिळत नाही. पाळकसाहेब अध्यक्ष, पगारे काका, महिला मंडळाच्या बाई आणि आणखी काही मोठी माणसं. बाहेर व्हरांड्यात विनीता आणि साळवे काका बसले होते. सेमिनरीचे प्रवेश बंद व्हायला आले होते. आज कमिटी हो म्हणाली तर विनीता जूनमध्ये जाणार, आणि नाही म्हणाली तर सिडकोतला क्लास आहेच. मधलं काही उरलं नव्हतं.

पगारे काकांनीच तोंड फोडलं. "साहेब, तुमच्या नियमाप्रमानं पोरीला दोन साक्षीदार पायजेत. ते कुठं हायेत?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "तो नियम मी सहलीसाठी केला होता."

मी तोंडाला हात लावला. आम्ही वर्षभर त्या नियमाला धरून बसलो होतो! महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, "अहो साहेब, मग आधी बोलायचं नाही का?"

"मला कुणी विचारलंच नाही," पाळकसाहेब म्हणाले. "सगळे नियमालाच विचारत होते."

मग चर्चा झाली. कुणी म्हणालं, मुलगी हुशार आहे. कुणी म्हणालं, लग्नाचं काय? महिला मंडळाच्या बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं तो प्रश्न पाण्याबरोबर गिळला. शेवटी सगळ्यांचे डोळे पगारे काकांवर.

"मला पटत नाय," ते म्हणाले. "आजबी पटत नाय. पन माझ्या न पटन्यानं तिचं थांबलं, तर त्याचा जाब मला द्यावा लागंल. घ्या माझं नाव, माझी हरकत नाय."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. पाळकसाहेबांनी मला खूण केली, मी दार उघडून दोघांना आत बोलावलं.

विनीता ताठ येऊन उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी. हातात कसले कसले मुद्दे लिहिलेला कागद होता, तो घामेजून पार चुरगळला होता. पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "विनीता, कमिटीनं एकमतानं तुझी शिफारस करायचं ठरवलंय. अभिनंदन, बाळा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाच्या बाईंनी तिला जवळ घेतलं. साळवे काकांनी खिशातून रुमाल काढला. विनीता मात्र हलेना. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून मटकन बसली, आणि तिला रडू फुटलं.

"आनंदानं रडते पोरगी," पगारे काका म्हणाले.

"नाही काका," विनीता म्हणाली. "मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल!"

टाळ्या थांबल्या. पाळकसाहेब तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. "म्हणजे? तुला जायचं नाही?"

"जायचंय."

"मग?"

"तुम्ही सगळे नाही म्हणाल, याच भरवशावर तर मी वर्षभर हो म्हणत होते!"

साळवे काका रुमाल हातात धरून तसेच उभे होते. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हळूच विचारलं, "मग आम्ही नाही म्हणू का?"

विनीतानं ओढणीनं डोळे पुसले, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आता म्हणून तर बघा!"